आधी सावली, मग डोळे

प्रिय मित्रा,

चित्राचा फोटो मिळाला. डोळे सुरेख जमलेत, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. चेहरा मात्र कापून चिकटवल्यासारखा दिसतो, कारण तू सुरुवातच डोळ्यांपासून केलीस. मीही कैक वर्षं हेच केलं, त्यामुळे रागवायचा हक्क मला नाही.

पुढच्या वेळी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ कर आणि फक्त सावली भर. भुवईखालचा खळगा, नाकाची कड, हनुवटीखालचा गळा, यांना नावं देऊ नकोस. डोळे किलकिले करून पाहिलंस की हे सगळं मिळून एकच डाग होतो. तो डाग नेमका बसला, तर नाक-डोळे नसतानाही माणूस ओळखू येतो. नाही बसला तर कापडाने पूस. अजून काही बिघडलेलं नाही.

अंबर लवकर वाळतो, म्हणून तो तळाला. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत ने. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिलास, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

वरच्या थरांसाठी रंग चारच घे: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने हा पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, ओळखला जातो. काळ्या-पांढऱ्याचा करडा तांबूस त्वचेशेजारी लावून बघ, चक्क निळसर भासतो.

खरी मेहनत उजेड सावलीत उतरतो त्या पट्ट्यावर. गालावर ती उतरण सावकाश असते, नाकाच्या हाडावर झटकन. सगळीकडे सारखाच ब्रश घासून मऊ केलंस की चेहरा मेणाचा होतो. तुझ्या चित्रात तेच झालंय.

आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग खरं तर पांढरा नसतो. त्यावर पापणीची सावली असते. त्याला कपाळावरच्या उजेडापेक्षा गडद ठेव.

पुढचा फोटो डोळे रंगवण्याआधीचा पाठव.

तुझा,
काका

ता. क. तेलात भिजलेले कापडाचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नकोस, आपोआप पेट घेतात. पसरून वाळव.