सांगलीत खाण्याची गाडी लावण्यापूर्वी

गाडीच्या रंगरंगोटीवर खर्च करण्याआधी तुम्ही गिऱ्हाईक पारखावे, कारण मार्केट यार्डातील हमालांना सकाळी स्वस्त आणि पोटभर नाश्ता लागतो, तर मिरजेच्या रुग्णालयांबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना कमी तिखट आणि गरम अन्न हवे असते. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेचे विक्री प्रमाणपत्र यांत चालढकल नको. घरगुती सिलिंडर गाडीवर चालत नाही. 19 किलोचा व्यावसायिकच घ्यावा.

भडंगाची भेळ विकणार असाल, तर चुरमुरे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कांदा, लिंबू, कोथिंबीर गिऱ्हाईक समोर उभे राहिल्यावरच कालवावे; आधी कालवलेले भडंग बघता बघता सादळते आणि सांगलीकर ते पहिल्याच घासाला ओळखतो.

शेजारच्या गाडीवाल्यांशी भाव पाडण्याची स्पर्धा करू नये. सुट्टे पैसे तेच देतात, अतिक्रमणविरोधी पथक आल्याची वर्दीही तेच देतात. (पहिले काही दिवस ते तुटक बोलतील, मनावर घेऊ नये.) नदीकाठच्या भागात गाडी असेल, तर 2019 आणि 2021 चे महापूर ध्यानात ठेवून जुलैपासून टायरांतील हवा तपासत राहावी आणि उंचावरील जागा आधीच ठरवून ठेवावी.