आगगाडीच्या इंजिनाचा केक

प्रश्न : माझ्या मुलाला चौथ्या वाढदिवसाला आगगाडीच्या इंजिनाच्या आकाराचा केक हवा आहे. गेल्या वर्षी मोटारीचा आकार कापताना केकचा भुगा झाला आणि क्रीमही ओघळले. या वेळी काय काळजी घ्यावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताजा, कोमट केक कापला की त्याचा भुगा होतोच. आदल्या दिवशी भाजून, पूर्ण निवल्यावर प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला केक घट्ट बसतो आणि दातेरी सुरीने नीट कापता येतो. मात्र तो हलक्या स्पंजऐवजी लोण्याचा, जरा जड पोताचा असावा. इंजिनासाठी फारसे कोरावे लागत नाही. तळाला आयताकृती केक, त्यावर आडवा स्विस रोल (गुंडाळी केलेला लांबट केक), मागे चालकाच्या खोलीसाठी चौकोनी तुकडा आणि बाजूंना क्रीमच्या बिस्किटांची चाके एवढे पुरते.

उकाड्यात फेटलेले क्रीम टिकत नाही. त्याऐवजी १०० ग्रॅम लोण्याला २०० ग्रॅम आयसिंग शुगर घेऊन बटरक्रीम करावे. त्याचा पातळ थर आधी लावून केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, तर सुटा चुरा त्यातच अडकतो आणि वरचा रंगीत थर स्वच्छ बसतो. लोणीही उन्हाळ्यात मऊ पडते, म्हणून केक कापण्याच्या थोडा वेळ आधीच बाहेर काढावा. तुकडे जोडायला टूथपिक मात्र वापरू नयेत, कारण लहान मुलाच्या घासात ती येण्याचा धोका मला कोणत्याही आकारापेक्षा मोठा वाटतो; बटरक्रीमनेच ते चिकटतात. चाके मुलालाच लावू द्यावीत.