दोनदा, आणि त्याच बांधावर

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवते. दर जानेवारीत आम्ही मुलांना मुरबाडजवळच्या शेतावर नेतो. तिथे बैलगाडीची फेरी, हुरडा, जेवण आणि छायाचित्रे असा कार्यक्रम असतो. यंदाच्या पालकसभेत एका आजोबांनी विचारले की, शेत पाहून आलेल्या नातवाला भात कसा पिकतो हे का सांगता येत नाही? मला उत्तर देता आले नाही. आम्ही काय बदलावे?
– एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : आजोबांचा प्रश्न रास्त आहे. चूक मुलांची नाही, तुमचीही फारशी नाही. चूक तारखेची आहे. मुरबाड-शहापूरकडचे मुख्य पीक खरिपातला भात, आणि जानेवारीत त्या खाचरांत धसकटे तेवढी उरलेली असतात. (हुरडा तर घाटावरच्या ज्वारीचा. जानेवारीतच जायचे असेल, तर भातानंतरच्या ओलीवर आलेला वाल दाखवावा आणि त्याच्या शेंगांची पोपटी लावावी, म्हणजे त्या मडक्यात भाजाव्यात.)

माझी सूचना अशी की, तेच वर्ग त्याच शेतकऱ्याच्या त्याच खाचरात दोनदा न्यावेत, एकदा जुलैत आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, आणि एकदा कापणीला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवलेले आहेत. त्यांतले दोन यासाठी ठेवता येतील. कापणीची तारीख मात्र शाळेने परस्पर ठरवू नये. हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात दसऱ्याच्या आसपास तयार होतो, तर उशिरा पिकणाऱ्या गरव्याला नोव्हेंबर उजाडतो, आणि मधला काळ सहामाही परीक्षेत व दिवाळीच्या सुट्टीत जातो. म्हणून यंदा कोणते बियाणे पेरले आहे, हे शेतकऱ्याला जूनमध्येच विचारून घ्यावे.

आवणीच्या दिवशी मुलांना मोजमापाचे काम द्यावे. चूड म्हणजे एकत्र लावलेली दोन-तीन रोपे. दोन ओळींमध्ये 20 आणि ओळीतल्या दोन चुडांमध्ये 15 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे 33 चूड बसतात. गुंठाभर जागेत किती, हे त्यांनीच बांधावर बसून काढावे. प्रत्येक गटाने आपल्या तुकड्याला काठी रोवून खूण करावी आणि एका चुडात किती रोपे लावली ते वहीत लिहावे. कापणीला आल्यावर त्याच काठीजवळ फुटवे, म्हणजे रोपाच्या बुंध्यातून फुटलेल्या काड्या, मोजाव्यात, एका लोंबीतले दाणे मोजावेत. दोन-तीन रोपांच्या चुडाचे केवढे झाले, हे फळ्यावर सांगून पटत नाही. तेच बोटांनी मोजताना मूल आपणहून थबकते. पुढे झोडणी, आणि मग गिरणी. शंभर किलो भाताचा साधारण पासष्ट किलो तांदूळ होतो, बाकी तूस आणि कोंडा, हे कळले की शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावाविषयीचे प्रश्न मुलेच विचारू लागतात. त्यांची उत्तरे शिक्षकांनी न देता शेतकऱ्याला देऊ द्यावीत.

आवणीचे दिवस शेतकऱ्याच्या सर्वांत घाईचे असतात. त्यामुळे चाळीस मुलांसाठी एकच लहान खाचर मागावे, त्याच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्यावेत आणि मुलांनी वाकडीतिकडी लावलेली आवणी मजुरांकडून नीट करून घेण्याचा खर्चही शाळेने उचलावा. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नये, कारण पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. इतरांचेही हातपाय बाहेर आल्यावर साबणाने धुवावेत.

प्रश्न : आमच्या शाळेला दोन सहली परवडणार नाहीत. दुसरा काही मार्ग आहे का?
– एक पालक, नेरूळ

उत्तर : आहे. शाळेच्या गच्चीवर भोके नसलेल्या चार-पाच टबांत माती आणि शेणखत भरावे. जूनमध्ये एका टबात भात दाट पेरावा आणि तीन आठवड्यांनी रोपे उपटून बाकीच्यांत लावावीत. सहा तास ऊन हवेच. डासांसाठी आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून टाकावे. तेवढ्याने भात मरत नाही.

शिवाय तुम्ही राहता ती जमीनच पूर्वी शेतीची आणि मिठागरांची होती. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर इथल्या गावांच्या जमिनी शहरासाठी संपादित झाल्या. खाडीचे खारे पाणी बांध घालून कसे अडवीत आणि खारजमिनीत भात कसा घेत, हे सांगणारी आगरी आजी-आजोबा मंडळी जवळच्या गावठाणात अजून आहेत. टबातला भात कापायचा असेल, त्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाला शाळेत बोलवावे, आणि विळा त्यांच्याच हाती द्यावा.