टेलिफोन-इंटरनेटचं बिल: वाचकांचे प्रश्न

आमचा सेल्समन नोकरी सोडून गेला. रिचार्ज आम्हीच करायचो, पण सिम त्याच्या नावावर. गिऱ्हाइकं अजून त्याच नंबरवर ऑर्डर देतात. नंबर परत मिळेल का?
*सूत व्यापारी, इचलकरंजी*

त्याच्या मर्जीशिवाय नाही. रिचार्ज कोण करतं याला किंमत नाही. केवायसी ज्याची, नंबर त्याचा. तो राजी असेल तर दोघांनी मोबाइल कंपनीच्या सेंटरवर जाऊन मालकी बदलून घ्या. नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल (पोर्टिंग), तर ते त्यानंतर; मालकी बदलाचं काम चालू असताना केलेली पोर्टिंगची विनंती फेटाळली जाते. तो नाहीच म्हणाला, तर गिऱ्हाइकांना आजच नवा नंबर कळवा. भांडायला पुढे वेळ आहे.

यापुढची सिम फर्मच्या नावावर घ्या. त्यातही प्रत्यक्ष वापरणाऱ्याची केवायसी लागते, म्हणून माणूस बदलला की नोंदही बदला. शिवाय बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक आला, की १८ टक्के कराचं इनपुट क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो कर तुमच्या जीएसटीतून वजा होतो (कंपोझिशन योजनेत असाल तर नाही). सेल्समनच्या नावावरच्या रिचार्जवर तुम्ही ते आजवर सोडूनच दिलं असणार.

लीज्ड लाइन ब्रॉडबँडच्या कितीतरी पट महाग आहे. आमच्या बारा जणांच्या ऑफिसला घ्यावी का?
*डिझाइन स्टुडिओ, पुणे*

लीज्ड लाइन म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेली इंटरनेट लाइन. तिच्यात वेग इतरांशी वाटून घ्यावा लागत नाही, अपलोड डाउनलोडइतकंच मिळतं आणि सेवा किती वेळ चालू राहील याची लेखी हमी असते. ती हमी नीट वाचा. ९९.५ टक्के ऐकायला झकास, पण तीस दिवसांच्या महिन्यात साडेतीन तासांहून जास्त बंद राहिली तरी कंपनी करारातच! त्यापुढे भरपाई किती, तेही विचारा.

दिवसभर मोठ्या फाइली पाठवत नसाल, तर दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड आणि दोन्ही सांभाळणारा एक राउटर पुरे. मात्र दोन्ही केबली एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे स्वतः बाहेर जाऊन बघा. विक्रेता हे सांगत नाही.

वॉचमन आणि ड्रायव्हर फक्त बोलण्यापुरता फोन वापरतात. त्यांना डेटा पॅक का द्यायचा?
*कारखानदार, चाकण*

देऊ नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशामुळे २०२५ पासून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्रीपेड पॅक मिळतात. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागावा लागतो. ड्रायव्हर फोनवर नकाशा बघत असेल किंवा व्हॉट्सॲपवरून डिलिव्हरी चलनाचे फोटो पाठवत असेल, तर त्याला मात्र डेटा ठेवा.

बिलात न घेतलेल्या सेवेचे पैसे लागले. ट्रायकडे तक्रार करू का?
*औषध वितरक, नाशिक*

ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार करून क्रमांक घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला वेगळी फी नाही.