जुन्या स्पोर्ट्‌स कारचा थ्रॉटल रिस्पॉन्स (पेडल दाबल्यावर इंजिन किती चटकन प्रतिसाद देतं ते) घरच्या घरी कसा सुधारता येईल?
आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल नीट ताणून घ्या आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) साफ करा. नव्या पार्ट्‌सचा विचार त्यानंतर. वर्षानुवर्षं वापरून केबल सैल पडते, त्यामुळे पेडल दाबलं तरी सुरुवातीला काहीच होत नाही आणि तळापर्यंत दाबूनही झडप पूर्ण उघडत नाही. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून बघा: थ्रॉटल बॉडीवरचा लिव्हर स्टॉपला, म्हणजे शेवटच्या अडथळ्याला, टेकतोय का? नसेल तर अ‍ॅडजस्टरच्या नटने ढिलाई काढा, पण एक-दोन मिलिमीटर राहू द्या, नाहीतर आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) चढलेलाच राहील. झडपेच्या कडेला काळं कडं दिसलं तर थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारून पुसा. चिरलेले व्हॅक्यूम पाइप आणि मळलेला एअर फिल्टर बदलाच. महागड्या मोठ्या थ्रॉटल बॉडीने स्टॉक (कंपनीतून आलं तसंच असलेल्या) इंजिनात फारसा फरक पडत नाही.

हे केबलवाल्या गाड्यांपुरतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी मोटरने झडप उघडणारा) असेल तर झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात. शिवाय सफाईनंतर काही गाड्यांना आयडल रीलर्न करावं लागतं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावा लागतो.