जुन्या स्टॅम्प पेपरवरचं मुघल चित्र खरंच जुनं असतं का?

तुम्हाला जयपूरला उर्दू मजकुराच्या स्टॅम्प पेपरवर काढलेलं मुघल चित्र दाखवलं आणि 'दीडशे वर्षं जुनं' म्हणाले, बरोबर? कागद असेलही हो जुना, पण चित्र बहुतेक अलीकडचंच. जुने स्टॅम्प पेपर, खातेवह्यांची पानं घ्यायची आणि वर हत्ती-उंट रंगवायचे हा तिकडे चांगला चालणारा धंदा आहे. आवडलं तर जरूर घ्या, फक्त जुन्याचे पैसे मोजू नका.

भिंग असेल तर चेहरा बघा आधी. चांगल्या कामात गालाची, मानेची गोलाई पर्दाख्तने आणलेली असते, म्हणजे खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशने बारीक बारीक ठिपके आणि रेघा, एकावर एक, एका चेहऱ्याला दिवसच्या दिवस जातात. घाईच्या कामात सपाट गुलाबी रंग आणि भोवती काळी रेघ, संपलं.

आता हे काम मनापासून कोण करतं, तर माझ्या मते लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्सवाल्यांचं नाव आधी घ्यायला हवं. पतियाळा दरबारच्या चित्रकार घराण्यातले हाजी शरीफ तिथे शिकवायचे, पुढे बशीर अहमद यांनी १९८०च्या दशकात मिनिएचरचा, म्हणजे अशा लघुचित्रांचा, वेगळा डिग्री कोर्स उभा केला. पोरांना आधी वसली बनवायला लावतात, कागदावर कागद खळीने चिकटवायचे, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, वाळलं की घोटून घोटून गुळगुळीत करायचं. शाझिया सिकंदर, इमरान कुरेशी हे आजचे चित्रकार यातूनच आले. शाझियाने 'द स्क्रोल' या चित्रात दरबाराऐवजी आपल्या पिढीच्या मुलीचं घर रंगवलं, इमरानने २०१३ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या गच्चीवर लाल रंगाची पानं-फुलं पसरली.

यावर 'ही कसली परंपरा' म्हणणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. १६१२ला गोव्याहून जहांगीरकडे टर्की पक्षी आला, दरबारात कोणी पाहिला नव्हता असला प्राणी, आणि दरबारी चित्रकार मन्सूरने तो पिसान्‌पीस रंगवला! समोर जे नवीन येईल ते काढायचं हे तेव्हापासूनचंच आहे, जुनं आहे ते हात बसवणं.

मुंबईत असाल तर घेण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली लघुचित्रं बघून या, मग दुकानदाराशी घासाघीस करा.