घरी मराठी, बाहेर कन्नड: यामुळे बाळाला बोलायला उशीर होतो का?

नाही होत. कन्नड मुळीच बंद करू नका.

तुमचा मुलगा १९ महिन्यांचा, घरी मराठी, दिवसभर खाली घरमालकिणीकडं कन्नड, शब्द जेमतेम चार, आणि सासूबाई म्हणतात दोन भाषांनी पोरगं गोंधळलंय. खानापूर-बेळगावकडं हे घरोघरी ऐकू येतं, माझ्या दोन्ही मुलांच्या वेळीही ऐकलं. सीमाप्रश्न १९५६ पासून आपल्या डोक्यात आहे, बाळाच्या नाही. दोन भाषा ऐकणारी मुलंही पहिले शब्द साधारण त्याच वयात काढतात. 'अज्जी, हालू दे' (हालू म्हणजे कन्नडमध्ये दूध) अशी सरमिसळ करतात, पण तो गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सुचला तो वापरला, एवढंच.

मला शंका तुमच्या मोजणीची आहे. खाली तो 'बा' (ये), 'बेडा' (नको), 'हालू' म्हणतो का, हे त्या अक्कांना विचारलंत? दोन्हीकडचे शब्द एकत्र धरायचे. वर 'दूद' आणि खाली 'हालू' म्हणत असेल तर ते दोन शब्द. 'भूभू', 'मम्मम' हेही धरा. उच्चार स्पष्ट नसला तरी चालेल, एका गोष्टीला दरवेळी तोच आवाज हवा. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये सुधारलेल्या, कोणत्या वयात मुलाला काय जमावं याच्या यादीत १८ महिन्यांना आई-बाबा सोडून तीन शब्द म्हणायचा प्रयत्न, आणि दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी आहे. निदान ७५ टक्के मुलांना त्या वयात जे जमतं तेच त्या यादीत घेतलंय.

शब्दांपेक्षा मी आधी दुसरं बघेन. हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का? आकाशातलं विमान तुम्हालाही दिसावं म्हणून बोट करतो का? हाक मारल्यावर वळतो का? खुणा न करता 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो का, मराठीत किंवा कन्नडमध्ये? हे सगळं असेल आणि नवे शब्द सावकाश का होईना येत असतील, तर दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवा. बोट दाखवणं नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर दुसऱ्या वाढदिवसाची वाट बघू नका. 'मुलगे उशिराच बोलतात' हे त्या वेळी ऐकूच नका.

कानाची तपासणी मात्र कुठल्याही परिस्थितीत करून घ्या. घरी टाळी वाजवून बघणं पुरेसं नाही, कारण थोडं कमी ऐकणारं मूलही मोठ्या आवाजाला दचकतं. जन्मल्यावरची चाचणी ठीक आली होती म्हणूनही थांबू नका. सारख्या सर्दीनं कानात पाणी साठून ऐकू कमी येऊ शकतं. जिभेला वेखंड लावायचा आग्रह होईल, तो गोड बोलून टाळा. मोबाईलही बाजूला ठेवा, त्यातली बालगीतं उलट बोलत नाहीत.

तपासणीची सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे २०१३ पासूनच्या आरबीएसकेत, वाढीतला उशीर तपासणं येतं. पथक अंगणवाडीत येतं. तारीख अंगणवाडीच्या बाईंना विचारा. जाताना दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी न्या, आणि जमलं तर खालच्या अक्कांनाही. दिवसभर त्यांनीच त्याला ऐकलेलं असतं.